ज्यांना पाळी येते

रुपाली इंगोले पाळी या विषयावर बोलून पोट भरते. वाघोलीच्या बांधकाम मजुरांच्या वस्त्या, हडपसरचे कारखाने, शाळांमधले सातवी-आठवीचे वर्ग, जिथे बोलावतील तिथे ती जाते, कापडावर शिवलेलं गर्भाशयाचं चित्र भिंतीला टांगते आणि बोलायला लागते. सुरुवातीला बायका जमिनीकडे बघतात. मग एखादी काहीतरी विचारते, आणि ती विचारते म्हटल्यावर सगळ्याच विचारू लागतात. रुपालीला हे जमतं. ती लाजत नाही आणि समोरचीलाही लाजवत नाही. तिला स्वतःला पाळी कधीच आलेली नाही, हे मात्र गेल्या वर्षापर्यंत तिची आई, तिचा नवरा आणि अकोल्याचा एक डॉक्टर एवढ्यांनाच माहीत होतं.

ती मूळची वाशीम जिल्ह्यातली. बरोबरीच्या मुली एकेक करून महिन्याच्या महिन्याला बाहेर बसू लागल्या, रुपाली तेवढी राहिली. तिच्या आईने, दुर्गाबाईने, आधी वाट पाहिली, मग नवस बोलले, आणि शेवटी सतराव्या वर्षी तिला अकोल्याला नेलं. डॉक्टर आईशी बोलला, मुलीशी नाही. "पिशवीच नाही. जन्मापासूनच नाही. बाकी तब्येत ठणठणीत आहे, पण मूल होणार नाही."

पुढच्या आठवड्यात दुर्गाबाईने रुपालीला पहाटे उठवलं आणि मागच्या पडवीत घोंगडी टाकून दिली.

"बस इथं. चार दिवस."

"कायले?"

"लोकाइले दिसलं पाहिजे."

तेव्हापासून लग्न होईपर्यंत रुपाली दर महिन्याला पडवीत बसली. वेगळं ताट, वेगळा तांब्या, चौथ्या दिवशी डोक्यावरून आंघोळ. त्या दिवसांत काम नसायचं, त्यामुळे तिला ते फारसे वाईटही वाटायचे नाहीत. वाईट वाटायचं ते चुलतबहिणींची पाळी तिच्याबरोबरच आली की. त्या पोट दाबून कण्हायच्या आणि म्हणायच्या, "तुझं बरं आहे वं, तुले काही दुखत नाही."

साईनाथचं स्थळ आलं तेव्हा दुर्गाबाईने काही सांगायचं नाही असं बजावलं होतं. तो हडपसरच्या एका कारखान्यात फिटर, बायको वारलेली, स्वराली नावाची लहान मुलगी. दोघांना बोलायला म्हणून अंगणात पाठवलं, तेव्हा रुपालीने पहिलं हेच सांगितलं. साईनाथने जरा विचार केला. "मला पोरगी आहे. तिला आई पाहिजे," तो म्हणाला. त्यावर लग्न ठरलं.

आईपण तिला जमलं. पंचाईत झाली ती स्वराली बारा वर्षांची झाल्यावर. पोरगी शाळेतून रडत आली, आणि रुपालीच्या हातात मेडिकलमधून आणलेलं पाकीट. पॅडची कुठली बाजू वर, कुठली खाली, किती वेळाने बदलायचं, पोटात दुखतं म्हणजे नेमकं कसं दुखतं, तिला काहीच ठाऊक नव्हतं. पाकिटावरची चित्रं बघून तिने त्या दिवशी वेळ निभावून नेली. त्याच महिन्यात वस्तीतल्या शाळेत एका संस्थेचा वर्ग होता. रुपाली मागे जाऊन बसली आणि पुढच्या पोरींच्या डोक्यांवरून मान उंच करून ऐकू लागली.

वर्ग घेणाऱ्या श्यामलाताई शनिवार पेठेतल्या. निवृत्त शिक्षिका, करकरीत सुती साडी, आणि जीभ तिखट. सत्र संपल्यावर त्यांनी रुपालीला हाक मारली. "काय हो, आपण पहिल्यांदाच ऐकताय असं ऐकत होतात."

"पहिल्यांदाच ऐकत होतो," रुपाली म्हणाली.

"होते. ऐकत होते," श्यामलाताई म्हणाल्या. "बाईमाणसाने 'होतो' म्हणू नये, निदान पुण्यात तरी."

दोन वर्षांनी रुपाली त्याच संस्थेत कामाला लागली. श्यामलाताई तिची वऱ्हाडी सुधारत राहिल्या, आणि वस्तीतल्या बायका आपल्यापेक्षा रुपालीशीच मोकळं बोलतात, हे त्यांनी मनोमन मान्य करून टाकलं. तोंडाने अर्थात नाही.

गेल्या वर्षी संस्थेची पुस्तिका नव्याने छापायची ठरली. जुनी पुस्तिका श्यामलाताईंनीच लिहिलेली. पहिलं वाक्य असं: 'पाळी ही प्रत्येक स्त्रीच्या आयुष्यातली नैसर्गिक गोष्ट आहे.' चित्रं आणि मांडणी अभिनवकडे होती. अभिनव तेवीस वर्षांचा. जन्माच्या दाखल्यावर त्याचं नाव मुलीचं होतं. कॉलेजात असताना त्याने घरी सांगितलं की आपण मुलगा आहोत, आणि तेव्हापासून तो वारज्यात मित्रांबरोबर भाड्याने राहत होता. ऑफिसात हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्याचा कुणी बाऊ केला नव्हता. श्यामलाताई त्याला पहिल्या दिवसापासून 'अरे अभिनव' म्हणत.

बैठकीत त्याने ते पहिलं वाक्य वाचलं आणि म्हणाला, "ताई, हे बदलायला हवं. 'ज्या व्यक्तींना पाळी येते' असं करू या."

"का?"

"कारण मला येते. आणि मी स्त्री नाही."

श्यामलाताईंनी चष्मा काढला. "तुझ्याबद्दल मला आदर आहे. पण 'व्यक्ती' हा शब्द स्त्रीलिंगीच आहे, ती व्यक्ती. मग साधलंस काय?"

"खुर्चीपण स्त्रीलिंगी आहे, ताई. तिला काही वाटत नाही. मला वाटतं."

कुणीतरी हसलं, पण श्यामलाताई हसल्या नाहीत. "हे बघ. मी हे काम सुरू केलं तेव्हा मुख्याध्यापक मला फळ्यावर 'पाळी' लिहू देत नव्हते. 'स्त्रियांचे आरोग्य' लिहा म्हणायचे. 'बाईला पाळी येते, त्यात लाज नाही' हे एवढं वाक्य मोठ्याने म्हणायला आमची हयात गेली. आता तू म्हणतोस, त्यातली बाईच काढा."

"मी बाई काढत नाही. मलाही आत घ्या म्हणतोय. मी मेडिकलमध्ये पॅड मागतो तेव्हा दुकानदार विचारतो, बहिणीसाठी का? मी हो म्हणतो. दर महिन्याला. तुमच्या पुस्तिकेत तरी मला खोटं बोलायला लागू नये." त्याचा आवाज चढला होता. "आणि 'प्रत्येक स्त्री' हे तसंही चूक आहे. सगळ्या स्त्रियांना कुठे येते पाळी?"

"अपवाद असतात. पुस्तिका अपवादांसाठी लिहीत नाहीत. पाळी आहे म्हणून तर बाई ती बाई!"

"बरं, मग 'गर्भाशय असलेल्या व्यक्ती' म्हणा. ते तरी शास्त्रशुद्ध आहे."

रुपाली भिंतीजवळच्या खुर्चीवर बसून होती. दोघं एकमेकांशी बोलत होते, आणि दोघांचंही बोलणं मधल्या मध्ये तिला लागत होतं. एकाच्या शब्दात ती बसत नव्हती, दुसऱ्याच्याही नाही. तिला राग आला नाही. गर्दीच्या बसमध्ये दोघांनी भांडता भांडता आपल्याच पायावर पाय द्यावा, तसं काहीसं वाटलं.

"रुपाली, तूच सांग," श्यामलाताई तिच्याकडे वळल्या. "तू वस्तीत जातेस. काय चालेल तिथे?"

"वस्तीत तर मी 'तुम्ही' म्हणतो. 'तुम्हाला पाळी आली की.' तिथं कुणी कोण हे सांगावंच लागत नाही." घाबरली की तिची भाषा गावाकडे पळते, तशी ती पळाली होती, पण या वेळी श्यामलाताईंनी ती सुधारली नाही. "आणि ते 'प्रत्येक स्त्री' काढा. मले कधी आली नाही. गर्भाशयच नाही मले. जन्मापासून."

पहिला बोलला तो अभिनव.

"बघा ना ताई! हेच तर मी म्हणत होतो."

"काय म्हणत होतास?" श्यामलाताई लगेच सावरल्या. "ती स्वतःला बाईच म्हणते ना? म्हणजे 'बाई' हा शब्द काढू नका, हे माझंच म्हणणं खरं."

रुपाली उठून उभी राहिली. "मला तुमचा पुरावा करू नका," ती म्हणाली, आता पुण्याच्या मराठीत. "दोघांनीही." आणि पाणी प्यायला बाहेर गेली.

अभिनव मागोमाग आला आणि सॉरी म्हणाला. श्यामलाताई आल्या नाहीत. संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी तिला थांबवून घेतलं आणि बराच वेळ टेबलावरचे कागद नीट लावत राहिल्या. "मी तुला इतकी वर्षं बायकांपुढे उभं केलं," त्या शेवटी म्हणाल्या. "तुला त्रास झाला असेल."

"नाही झाला," रुपाली म्हणाली, आणि ते खरं होतं. "तुमच्या वर्गात बसले, म्हणून स्वरालीला सांभाळता आलं."

"अपवाद म्हणाले मी."

"म्हणालात."

यापुढे त्या दोघी या विषयावर बोलल्या नाहीत.

त्या रविवारी रुपालीने आईला फोन केला आणि ऑफिसात सांगून टाकल्याचं कळवलं. दुर्गाबाई म्हणाली, "कोनाले कोनाले सांगतलं? गावातलं कोनी हाय का थे?" कुणी नाही म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. साईनाथची तब्येत, स्वरालीची परीक्षा असं सगळं विचारून तिने फोन ठेवला.

पुस्तिकेवर आणखी महिनाभर वाद झाला. छापून आली तेव्हा बहुतेक पानांवर 'मुली आणि स्त्रिया' तसंच राहिलं होतं. पहिलं वाक्य 'तुम्हाला पाळी येते तेव्हा शरीरात काय होतं?' असं झालं, आणि शेवटी एक पान अभिनवने स्वतःच्या नावाने लिहिलं. श्यामलाताईंना ते पान जास्त वाटलं, अभिनवला ते कमी वाटलं. दिवाळीनंतर त्याने दुसरीकडे नोकरी धरली. भांडून गेला नाही. ताईंना नमस्कार करून गेला, आणि ताईंनी त्याला "ये रे अधूनमधून, वाद घालायला कुणी उरलं नाही," असं म्हटलं. तो आला मात्र नाही अजून.

रुपालीने एकच चौकट मागून घेतली होती: सोळा वर्षांपर्यंत पाळी आली नाही तर लपवू नका, डॉक्टरांना दाखवा, आणि डॉक्टरांना मुलीशी बोलायला सांगा. शेवटचा भाग श्यामलाताईंना विचित्र वाटला, पण त्यांनी तो तसाच ठेवला.

ती चौकट वाचून या उन्हाळ्यात वाघोलीच्या वस्तीतली एक बाई रुपालीकडे आली. नाव शर्मिला, मूळची परभणीकडची. मुलगी सोळाची होऊन गेलेली, पाळी नाही, आणि दर महिन्याला ओटीपोटात कळा. रुपाली दोघींना घेऊन सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी मुलीला समोर बसवलं आणि कागदावर चित्र काढून दाखवलं: पाळी येत होती, पण वाटेवर एक पातळ पडदा जन्मापासून बंद होता, रक्त आतच साचत होतं. छोटी शस्त्रक्रिया, दोन दिवसांत घरी.

शर्मिला दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. मुलगी आईला म्हणाली, "रडतीस काय, मला तर भूक लागलीय." रुपालीने समोरच्या गाड्यावरून तिघींसाठी वडापाव आणले.

परतताना बसमध्ये तिला खिडकीजवळ जागा मिळाली. पोरगी बरी होणार, याचा तिला मनापासून आनंद झाला होता. पण दवाखान्यात चित्र निघायच्या आधी, क्षणभर, ही माझ्यासारखी असेल असं आपल्याला वाटलं होतं, आणि ते वाटणं निव्वळ भीतीचं नव्हतं, हेही तिच्या लक्षात आलं. एवढ्या वर्षांत आपल्यासारखी एकही तिला भेटलेली नव्हती. हे कुणाला सांगावं, ते तिला सुचलं नाही. शेजारी शर्मिलाची मुलगी पुस्तिका उघडून चित्रं बघत होती. मधेच तिने विचारलं, "ताई, शस्त्रक्रियेनंतर लगेच शाळेत जाता येतं का?"

"डॉक्टरांना विचारू," रुपाली म्हणाली. "तूच विचार. मी शेजारी उभी राहते."