मैदान नेलं, आणि वर विचारतात माणसं कुठं

प्राइनचं नाव काढलं तरी माझं डोकं सणकतं. पण गोष्ट बर्निसची आहे, म्हणून आवरतो.

बर्निस वोइचिक आमच्या गल्लीतली. पोर्ट हॅलमच्या आमच्या डॉकर्स संघाच्या बेसबॉल मैदानावर ती लोकांना जागा दाखवायची. खुर्ची फडक्यानं पुसल्याशिवाय कुणाला टेकू द्यायची नाही, मग पाद्रीबुवा का असेनात. मैदान चर्चच्या पाठीमागंच. रविवारी प्रार्थना संपली की अख्खी वस्ती चालत तिकडं. संघाचा जुना मालक बेकरीवाला. संघ हरला की दुसऱ्या दिवशी बायका पाव घेता घेता त्याला झापायच्या, आणि तो मुकाट ऐकून घ्यायचा.

तो वारला आणि बाहेरगावच्या प्राइननं संघ विकत घेतला. या शहाण्यानं नवं मैदान बांधलं ते हायवेच्या कडेला, कारखान्यांच्याही पलीकडं. तिथवर बस नाही, आणि गाडी लावायचे पैसे तिकिटापेक्षा जास्त. बर्निस शेवटच्या थांब्यावरून पायपीट करत जायची. खुर्च्या पुसायची, बसायला मात्र कुणी नाही.

मग प्राइन म्हणाला, या गावाला खेळाचं प्रेमच नाही, संघ दुसऱ्या शहरात नेतो. झालं, गल्लीतली टाळकी तापली. बहिष्कार घालू, बघू कसा वठणीवर येत नाही! बर्निस दारोदार फिरली. "अरे, त्याला रिकाम्या खुर्च्याच हव्यात. तुम्ही आयत्या वाढून देताय." पण ऐकतो कोण?

संघ हलवायचा की नाही हे ठरवायला लीगमधल्या संघमालकांची सभा भरली, तिथं प्राइननं त्याच रिकाम्या खुर्च्यांचा फोटो भिंतीवर लावला. गावकऱ्यांना बोलायची मुभा होती. बर्निस उठली.

"माझ्या नवऱ्याच्या अंत्यविधीच्या दिवशी मॅच होती. शवपेटी उचलायला सहा माणसं मिळेनात, सगळे मैदानात. शेवटी पाद्रीबुवांनी मॅच संपेपर्यंत विधी थांबवला. असलं हे गाव. मैदान तुम्ही उचलून नेलंत, आणि आम्हाला विचारता माणसं कुठं गेली?"

सभागृहात टाळ्या पडल्या. मालकांची मतं मात्र प्राइनला पडली. जनाची नाही, निदान मनाची तरी!

आता डॉकर्स दक्षिणेतल्या एका शहरात खेळतात. तिथं प्राइननं मैदान बांधलंय भर वस्तीत, ट्रामच्या थांब्यासमोर. खुर्ची रिकामी राहत नाही म्हणे. पेपरात हा सांगतो, इथल्या लोकांना खेळाची कदर आहे. मी संतापून ते बर्निसला वाचून दाखवलं.

तिनं पेपर माझ्या हातून घेतला आणि त्याची घडी घातली. मग म्हणाली, "म्हणजे त्याला कळत होतं तर."