पाणी एका वाफ्याला

लग्न होऊन मी नाशकाबाहेरच्या मळ्यात आले, तेव्हा माझ्या सासऱ्यांकडे नाही अशी भाजी देवानं अजून घडवायची होती. मेथी, मुळा, घेवडा, दोडका, मिरची, कडेनं झेंडू. एवढी दाटी, की वाऱ्यालासुद्धा अंग चोरून शिरावं लागे. सासरे सायकलला पाट्या बांधून गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या बाजारात जात. गिऱ्हाईक दुसऱ्याच्या पाटीकडे वळलं, की त्या रात्री त्यांना जेवण जात नसे. एका बाईनं शेपू मागितला आणि नव्हता, तर दुसऱ्या दिवशी शेपूचा वाफा तयार. घरात शेपू कुणी खात नव्हतं.

या सगळ्यांत खरी राणी आमची काटेरी वांगी. बी घरचं, सासूबाईंच्या सासूपासून राखलेलं. आमच्याकडे वांगं शिजलं, की वासानं पेठेतली माणसं ताट घेऊन निघत, आणि मी काही वाढवून सांगणाऱ्यातली नाही.

मग दुष्काळ आला. विहिरीत दगड टाकावा, घरी येऊन भाकरी थापावी, तेव्हा कुठं आवाज यावा. रात्रभर पाझरलेलं पाणी सकाळी ओढायचं. चहाला उकळी येईस्तोवर विहिरीवरचं इंजिन कोरडं खाकरायला लागे. दारं धरायचं, म्हणजे पाटाचं पाणी एकेका वाफ्यात वळवायचं काम माझं. सासऱ्यांचा हुकूम एकच, सगळ्यांना सारखं. सारखं म्हणजे वाफ्याची नुसती जीभ ओली व्हायची. बघता बघता साऱ्या मळ्यानं माना टाकल्या.

बियाण्यासाठी सोडलेल्या वांग्यांपाशी सासूबाई उभ्या राहिल्या. गेल्या सालचं बी उंदरांनी फस्त केलं होतं. उरलं ते याच झाडांवर, आणि फळं अजून हिरवी.

"ही झाडं गेली की आपलं वांगं गेलं," त्या सासऱ्यांना म्हणाल्या. "घोट घोट पाजून समद्यांना मारताय तुम्ही."

"मग बाकीच्यांना उपाशी ठेवू? गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवू?"

"हाय तेच दाखवा. दुसरं कुठून आणणार."

"मेथी विकली तर घरात मीठ येतं."

"मेथीचं बी दुकानात मिळंल. याचं दुकान सांगा."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एरवी माझं तोंड सुरू झालं की शेजारचा मळा कामं टाकून ऐके. तेव्हा एवढंच निघालं, "मामा, पाणी एकाच वाफ्याला पुरतंय."

त्यांनी फावडं माझ्या हातातून घेतलं. एकेका वाफ्याचं तोंड मातीनं बुजवत गेले, वर टाचेनं दाबत गेले. मेथीपाशी बराच वेळ थांबले. मग तीही बुजवली.

मळा जळला. मिरच्यांचं झाडावरच तिखट झालं, कांडायची गरज पडली नाही, असं मी पुढं सगळ्यांना हसून सांगत आले. तेव्हा घरात कुणी हसलं नव्हतं. आम्ही खडी फोडायच्या कामावर जायचो. सासरे मात्र वांग्यांपाशी बसून राहत, आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसे.

फळं पिवळी पडली. पहिलं सासऱ्यांनीच फोडलं, बी धुतलं, वाळवलं, राखेत घोळवून गाडग्यात भरलं. ते गाडगं सासूबाईंनी आढ्याला टांगलं.

पाऊसपाणी झाल्यावर त्यांनी मळाभर वांगीच लावली. पहिल्या तोड्याला मी त्यांच्याबरोबर गंगेवर गेले. जुनी गिऱ्हाइकं आली. ती शेपूवाली बाईही आली.

"बाबा, शेपू?"

"शेपू नाही, बाई. आता वांगीच."

"एवढा मळा, आणि एकच भाजी?"

"एकच."

बाई पुढच्या पाटीकडे गेली. मी सासऱ्यांच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांनी मान वळवली नाही. पाटीतलं एक वांगं उचललं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि देठ वर करून पुन्हा जागेवर ठेवलं. त्या रात्री त्यांनी भाकरी मागून घेतली.