लसणाचं फोलपट

आज रंगांची जुनी पेटी उघडली आणि जवसाच्या तेलाचा वास आला. त्या वासासरशी मी कोल्हापुरातल्या आमच्या स्वयंपाकघरात जाऊन पोचलो.

मी तेव्हा चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला होतो. पुस्तकातल्या एका जुन्या डच चित्राची नक्कल करायची होती. खिडकीशी सफरचंद सोलत बसलेली बाई, तिच्या हातांवर डावीकडून येणारा मऊ उजेड, बाकी घर गप्प. आमच्या स्वयंपाकघराला खिडकी एकच, आणि तिच्याशी आई सुपात लसूण सोलत बसलेली.

"आई, जरा सरक की. पुस्तकावर सावली पडतीया."

तिनं वाकून चित्र पाहिलं. "कोण रं ही?"

"हॉलंडची हाय."

"सोलतीयाच न्हवं? ह्ये तर मी रोज करतो की," असं म्हणून ती सूप घेऊन उठली. "बस तू उजेडात." आणि कपाटाआडच्या अंधारात जाऊन बसली.

उठताना सुपातलं एक फोलपट उडून माझ्या ओल्या रंगावर चिकटलं. त्यावरून मी तिला बोललोही. मग आठवडाभर त्या परक्या बाईच्या टोपीची एकेक चुणी जीव ओतून रंगवत राहिलो.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. तिचं एकही चित्र मी काढलं नाही.

पेटीमागचा तो कॅनव्हास आज पुसायला घेतला. बाईच्या पायाशी ते फोलपट अजून आहे, रंगात वाळून घट्ट बसलेलं. तेवढ्या जागी मी फडकं फिरवलं नाही.