सीटच्या आधी बॅनर

ताज्या फ्लेक्सचा रॉकेलसारखा वास आला की बायको अजून माझ्याकडे बघून हसते. मुलीला ‘नीट’ परीक्षेला बरे मार्क पडले, आणि एमबीबीएसची सीट मिळायच्या आधीच मी पूनम सागरमधल्या आमच्या सोसायटीच्या गेटवर बॅनर लावला: ‘डॉक्टर झाल्याबद्दल अभिनंदन’. तिचा फोटो लहान, माझा जरा मोठा. प्रवेशाच्या पहिल्या राउंडच्या यादीत तिचं नावच नव्हतं. पहाटे गुपचूप कात्री घेऊन मी स्टुलावर चढलो, तर मागून ती आलीच. “पप्पा, उतरा. पडलात तर मी अजून डॉक्टर नाही.” तेवढ्यात देवळातून परतणाऱ्या शेजारच्या गुजराती काकी थांबल्या, “डॉक्टर बेटा, मेरा बीपी कब देखेगी?” मी काहीतरी थाप जुळवत होतो. ती सरळ म्हणाली, “काकी, पहले राउंड में नंबर नहीं लगा. दूसरे के बाद आना.” मग माझ्या हातातली कात्री काढून घेत म्हणाली, “राहू द्या तो बॅनर. लागेल माझा नंबर.” दुसऱ्या राउंडला लागलाही, आणि आज ती खरीच डॉक्टर आहे, पण बाप म्हणून माझी छाती फुगली ती त्या पहाटे, पदरात सीट नसताना.