मामीचा डावा पाय

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. मी नागपूरला फिजिओथेरपी शिकत होते, दुसऱ्या वर्षाला. भाताच्या रोवण्याच्या दिवसांत आसगावला मामाकडे गेले, तेव्हा पिशवीत नवीकोरी रबरी हातोडी होती. ती कुणाला तरी दाखवावी असं मला फार वाटत होतं.

मामीचा डावा पाय दुखत होता. कमरेपासून पोटरीच्या मागून टाचेपर्यंत कळ यायची. तरी ती रोज भाताच्या बांधीत, चिखलात उतरून, वाकून परे, म्हणजे रोपं, लावायची. मामाला वाटायचं, कामाचा कंटाळा. त्या दुपारी रोवण्याच्या बाया जेवायला ओसरीवर बसल्या होत्या. मामा मला म्हणाला, "तू डाक्टरीन होऊन राहिली ना? पाहून घे एकदा तिचा पाय."

मी मामीला खाटेवर बसवलं, पाय खाली सोडायला लावले. गुडघ्याच्या वाटीखाली ठोका बसला की निरोप पाठीच्या कण्यापर्यंत जातो आणि तिथूनच परत फिरतो, मेंदूला विचारावं लागत नाही, हे मी सगळ्या बायांना समजावून सांगितलं. उजवा पाय टुणकन उडाला. डावा पहिल्या ठोक्याला हललाच नाही. दुसऱ्याला थोडा हलला आणि तिसऱ्याला चांगला उडाला.

"शिरेचं दुखणं असं एकदा हो, एकदा नाही करत नाही," मी म्हणाले. "मामी, तू पाय आवळून धरून राहिली. काही झालं नाही तुझ्या पायाला."

बाया हसल्या. मामाही हसला. मामी म्हणाली, "मी कायले आवळू माय?" मग ती उठली आणि बांधीकडे गेली.

टाचेच्या मागच्या स्नायूच्या जाड दोरीवर ठोका द्यायचा राहिला होता. टाचेपर्यंत जाणाऱ्या कळेची खरी तपासणी तीच होती. मला तो येत होता. पण तिची पावलं चिखलानं भरली होती आणि ती हातात घ्यायची मला किळस वाटली. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

महिन्याभरानं कॉलेजात प्रात्यक्षिक होतं. मॅडमनी मलाच टेबलावर पालथं झोपवलं, पोटरीवर तारा चिकटवल्या आणि गुडघ्यामागे विजेचे बारीक झटके दिले. हातोडीच्या ठोक्याला पाय उडावा, तशी पडद्यावर दर झटक्याला एक लाट उठत होती. झटका तोच, पण एक लाट उंच, दुसरी बुटकी, एखादी जेमतेम. डाव्या पायाच्या लाटा उजव्यापेक्षा सगळ्याच लहान. मी घाबरले.

"काही झालं नाही तुला," मॅडम म्हणाल्या. "धडधाकट माणसाचंही असंच असतं. दात आवळले, मान वळवली, तरी फरक पडतो. म्हणून दोन-तीन ठोक्यांवर कुणाला खोटं ठरवू नका. रोगी काय सांगतो ते आधी ऐका."

माझे कान तापले. संध्याकाळी मी मामाला फोन केला. त्यानं सांगितलं, "बरी आहे. जराशी पाय ओढून राहिली, बस." मी अभ्यासाचं काहीतरी बोलले आणि फोन ठेवून दिला. चुकले म्हणायला मला दिवाळी उजाडली.

दिवाळीत तिची डावी पोटरी उजवीपेक्षा उघड बारीक दिसत होती. डाव्या पायाच्या चवड्यावर तिला उभं राहता येईना. मी खाली बसून तिची टाच हातात घेतली. उजवीकडे दर ठोक्याला पाऊल हलत होतं. डावीकडे दहा ठोके दिले, एकदाही हललं नाही.

"मामा, तेव्हा मी चुकले. हिला उद्याच नागपूरला न्यायचं."

मामी हळूच म्हणाली, "मले वाटलं, तू शिकलेली, माहं मनच खोटं बोलून राहिलं."

मणक्यातली गादी सरकून शीर दाबली गेली होती. ऑपरेशन झालं, कळ गेली. पण पायाचं बळ पुरतं परत आलं नाही. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. मामानं त्यानंतर तिला बांधीत उतरू दिलं नाही. आणि मामी लग्नाकार्यात दिसेल त्याला सांगायची, "माह्या भाचीनं पकडलं, नाही तर मी लंगडीच झाली असती." मी शेजारी उभी राहून ते ऐकायची. असं किती तरी वर्षं चाललं.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघीच घरात होतो. ती तांदूळ निवडत होती. मी सांगून टाकलं की माझी चूक मला महिन्याभरातच कळली होती.

तिचा हात थांबला.

"मंग फोनवर काहून नाही सांगतलं?"

"लाज वाटली, मामी."

ती सूप उचलून उठली. मग डावा पाय ओढत आत गेली. मला जेवायला वाढलं, भाजी पुन्हा विचारली. पण रोजच्यासारखी माझ्याजवळ बसली नाही.