पायावरची रेघ

कॅनडात, हॅलिफॅक्सच्या वॉक-इन क्लिनिकमध्ये एक मराठी मुलगी माझ्या शेजारी बसली होती. एक स्नोबूट पायात, एक हातात. तळव्याच्या कडेने लाल, नागमोडी रेघ गेली होती. खाजते आणि रोज थोडी पुढे सरकते, म्हणाली. तरुणपणीची मी असते तर खुर्चीसकट पळाले असते; तेव्हाच्या या बाईसाहेबांना शेजारणीच्या पापडांतही जंतू दिसायचे. आता मात्र चष्मा सावरून नीट वाकून पाहिलं.

"आजी, मागच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, बीचवर व्हेकेशनला गेली होतीस का? मी नाही म्हटलं. त्यांनी फंगसचं क्रीम दिलं."

"मग गेली होतीस कुठे?"

"आईच्या दहाव्याला. नदीकाठी." ती हातातला बूट चाचपत राहिली. "कावळा शिवेचना. ओल्या वाळूत किती वेळ अनवाणी उभी होते. शेवटी म्हटलं, आई, मी कायमची परत येते. तेव्हा शिवला."

"आत गेलीस की हेच सांग. वाळूचं. कावळ्याचं राहू दे."

बाहेर आली तेव्हा गोळ्या लिहून मिळाल्या होत्या.

"कुत्र्याच्या पोटातली अळी आहे, आजी. वाळूतून पायात शिरली. माणसात आली की वाट चुकते म्हणे. पुढे जाता येत नाही, परत जाता येत नाही. कातडीखाली नुसती फिरत राहते."

मी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून तिला बसायला जागा केली.

"कालच माझा पीआर मंजूर झाला, इथे कायमचं राहायचा," ती खाली बघत म्हणाली.

अशा वेळी अभिनंदन म्हणायची रीत आहे. मी नुसता तिचा बूट धरला. तिने हळूच पाय आत घातला.