टॉवेल-टोपीचा साक्षीदार

मनीषाचा फोन आला तेव्हा मी सुरतेतच, कतारगामला होतो. “काका, पप्पा गेले,” एवढंच ती म्हणाली, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, “कुठल्या दवाखान्यात?” दवाखाना नव्हताच. भेस्तानच्या घरी, चहा पिता पिता माझा थोरला भाऊ नाना गेला. शेजारच्या डॉक्टरनं हार्ट अटॅक सांगितलं. त्यानं सांगितलं म्हणून लिहितोय. डॉक्टरच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवणं आमच्या घरात कधीच बंद झालंय...

नाना मुळातच संशयी. लूमच्या कारखान्यात मास्तर होता, पण भाजीवालीनं हसून चार काड्या कोथिंबीर जास्त दिली तरी जुडी उलटीपालटी करून बघायचा. आम्ही त्याची टर उडवायचो. वहिनी गेली आणि आमचं हसणं आटलं. पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन, साधं म्हणे. मग तिचं पोट फुगत गेलं, डोळे पिवळे झाले. नाना विचारायला गेला की एकच उत्तर, “गॅस आहे, होईल कमी.” ती गेल्यावर त्यानं ग्राहक आयोगात केस टाकली. त्याला एवढंच हवं होतं की ही चूक होती, हे कुणीतरी तोंडानं म्हणावं.

आमच्या वकीलबेननी सगळं ऐकून घेतलं आणि त्या म्हणाल्या, “काका, तमारी वात साची, पण आमां सर्जननो अभिप्राय जोइए.” तुमचं खरं, पण यात सर्जनचं मत हवं. वहिनीची पित्ताची नळी कापली गेली होती; ऑपरेशनमध्ये तसं होणं हा धोका असू शकतो. पण ते वेळेवर ओळखलं नाही हा हलगर्जीपणा आहे की नाही, हे त्याच विषयाच्या डॉक्टरनं सांगायला हवं. म्हणजे चोवीस तास उशाशी बसलेल्या नवऱ्यानं पाहिलं ते काहीच नाही! बरं, सांगणार कोण? सुरतेतला एक सर्जन म्हणाला, वेळ नाही. दुसरा म्हणाला, “त्यांच्या घरी माझं जाणं-येणं आहे.” तिसऱ्यानं कागद वाचले, मान हलवली आणि आम्हाला वाटेला लावलं. ती मान कशासाठी हलली, हे नाना शेवटपर्यंत विचारत होता.

मग धुळ्याचे एक निवृत्त सर्जन तयार झाले, तेही फी न घेता. झालं! घरी येताना बसमध्ये नाना माझ्या कानाशी लागला, “फुकट कोन काय करस रे भाऊ? हाऊ त्यासनाच मानूस शे.” समोरच्यांनीच पेरलेला माणूस, हे त्यानं ठरवूनही टाकलं. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं. पण डॉक्टरांनी स्वच्छ लिहून दिलं : नळी कापली हा दोष धरता येणार नाही, मात्र पोट फुगल्यावर तपासणी केली नाही, हा हलगर्जीपणाच. ते ऐकून नाना भिंतीला टेकून पोरासारखा रडला.

आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कुणावर तरी आंधळा विश्वास टाकला. डॉक्टर सुरतेला आले तेव्हा त्यानं त्यांना घरी बोलावलं, पाटावर बसवलं, गंध लावलं आणि आपल्या खान्देशी रीतीनं टॉवेल-टोपी दिली. सोयऱ्याला देतो तशी! डॉक्टर नको नको म्हणत होते. नानानं टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवलीच, आणि फोटो समाजाच्या ग्रुपवर टाकला, “आमचे पाहुणे” असं लिहून. तो फोटो समोरच्या वकिलाच्या हातात गेला आणि त्यानं आयोगापुढे विचारलं : साक्षीदार पक्षकाराचा नातेवाईक आहे, सत्कार घेतो, त्याचं मत निष्पक्ष कसं? डॉक्टर शांतपणे म्हणाले, “मत आधी लिहिलं, टोपी नंतर मिळाली.” पण ती साक्ष धरायची की दुसरा तज्ज्ञ आणायचा, हे आयोगानं अजून ठरवलेलं नाही. नाना त्याच निकालाची वाट बघत गेला. फोटो पोचवला कुणी? ग्रुपवर सगळे आपलेच. लग्नात ज्यांच्या पंगतीला बसतो, त्यांच्यातलाच कुणीतरी हरामखोर!

दुखवटा संपवण्याच्या गंधमुक्तीला डॉक्टर धुळ्याहून आले, पण मांडवात शिरले नाहीत. गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले. मी चहा घेऊन गेलो, तो त्यांनी उभ्यानंच घेतला. नानाला एक खोड होती, बोलताना माणसाच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघायचा. त्या दिवशी मीही तेच करत होतो, गल्लीतल्या प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे का ते बघत होतो. आता केस मनीषाच्या नावानं चालणार. ती बाहेर आली आणि म्हणाली, “काका, त्यांना आत बोलवा ना. पप्पांच्या फोटोला फूल तरी वाहू द्या.”

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. एवढ्या लांबून आलेला माणूस...

“नको,” मी म्हटलं. “आत्ता नको.”

डॉक्टरांनी कप माझ्या हातात दिला, मांडवाकडे पाठ केली आणि कुणाला दिसणार नाही असे, छातीशी हात जोडले.